पाण्याखालच्या कॅमेऱ्याची खरेदी आणि एक वही

डायव्हिंग शिकल्यानंतरच्या पहिल्या वीस डाइव्हमध्ये मी ओळखीच्या एका डायव्हरकडून उसना घेतलेला ॲक्शन कॅमेरा मनगटाला बांधून उतरत असे आणि वर आल्यावर संगणकाच्या पडद्यावर जे दिसे ते पाहून दर वेळी हिरमुसत असे. प्रत्यक्ष पाहिलेले कासव पाठीवर शेवाळाचे ठिपके असलेले, खडकावरचे काहीतरी चोचीने खरवडत बसलेले आणि जवळजवळ हाताच्या अंतरावरचे होते. छायाचित्रातले कासव म्हणजे निळसर धुक्यात बुडालेला एक करडा डाग होता. कॅमेरा साधा आहे म्हणून असे होते, चांगला घेतला की प्रश्न मिटेल, असे मी धरून चालले होते. त्या समजुतीच्या भरात मी तेव्हाच खरेदी केली असती, तर आज माझ्याकडे एक उत्तम कॅमेरा असता आणि तसेच करडे डाग असते.

खरेदीला लागण्यापूर्वी एक गोष्ट मात्र मी बरी केली. एका सुट्टीच्या दिवशी सगळी छायाचित्रे ओळीने पाहिली आणि एका वहीत प्रत्येकापुढे ते का फसले याचे एकच कारण लिहीत गेले. "फार दूर", "रंग गेले", "हलले", "फोकस चुकला", "पाण्यातला कचरा चमकला", "नुसती शेपटी" अशी कारणे आपोआप ठरत गेली. "कॅमेऱ्याची कुवत कमी पडली" यासाठीही मी एक रकाना आखला होता. संध्याकाळी पाहते तो त्यात जेमतेम चार नोंदी होत्या, त्याही अंधाऱ्या कपारीत काढलेल्या छायाचित्रांच्या. निम्म्याहून अधिक छायाचित्रे पहिल्या दोन कारणांनीच गारद झालेली होती.

ही दोन कारणे मुळात एकच आहेत, हे उमगायला मला आणखी थोडे वाचावे लागले. पाणी प्रकाशातला तांबडा भाग सर्वांत आधी शोषून घेते. पाच मीटर खोलीवर तो बराचसा नाहीसा झालेला असतो, त्याच्यामागून नारिंगी आणि पिवळा जातो आणि आणखी खाली उरतो तो निळा-हिरवा उजेड. एवढे प्रशिक्षणाच्या पुस्तकातही होते. माझ्या ध्यानात आले नव्हते ते असे की, हे शोषण केवळ खोलीवर ठरत नसून प्रकाशाने पाण्यातून कापलेल्या एकूण अंतरावर ठरते. पाच मीटर खोलीवरच्या माशाचे छायाचित्र मी चार मीटर दुरून काढले, तर माझ्या भिंगापर्यंत पोहोचणारा प्रकाश नऊ मीटर पाण्यातून गाळून आलेला असतो. त्यात अपवर्तनाची भर पडते. मास्कच्या सपाट काचेतून पाहताना वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर आहे असे भासते, त्यामुळे हाताशी वाटलेले कासव प्रत्यक्षात हाताच्या बरेच पलीकडे होते, आणि ॲक्शन कॅमेऱ्याच्या अतिरुंद भिंगाने त्याला आणखी मागे ढकलले होते.

म्हणजे मला जे हवे होते ते वहीनेच सांगून टाकले होते: अगदी जवळून फोकस करणारे भिंग, स्वतःचा उजेड जोडण्याची सोय, आणि माझ्या परवान्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे ३० मीटरपेक्षा, अधिक खोलीचा दाब सोसणारी पेटी. किती मेगापिक्सेल, कोणता सेन्सर हे प्रश्न त्यानंतरचे होते. एकूण रक्कम आधीच ठरवून टाकली होती आणि काही झाले तरी ती वाढवायची नाही, हे पथ्य स्वतःला घालून घेतले होते. त्या रकमेचे मी मनाशी दहा भाग पाडले आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला तीनपेक्षा जास्त द्यायचे नाहीत असे ठरवले. या शेवटच्या निर्णयावर माझ्या ओळखीतल्या दोन अनुभवी छायाचित्रकारांनी मला वेड्यात काढले. ते दोघेही जमिनीवरचे छायाचित्रकार आहेत, हे इथे नमूद केले पाहिजे.

सर्वांत स्वस्त पर्याय होता तो आहे त्याच ॲक्शन कॅमेऱ्यावर लाल फिल्टर लावण्याचा. तो मी करून पाहिला. साधारण पाच ते पंधरा मीटरच्या पट्ट्यात, वर ऊन असताना, चलच्चित्रणासाठी तो खरोखर उपयोगी पडतो. पाण्याचा रंग निळ्याऐवजी हिरवट असेल तर लालऐवजी किरमिजी फिल्टर लागतो. पण फिल्टर गेलेला तांबडा रंग परत आणत नाही. तो उरलेल्या निळ्या-हिरव्याला अडवून तोल साधतो, म्हणजे आधीच तुटपुंज्या उजेडाला आणखी कात्री लावतो. शिवाय अशा कॅमेऱ्यांचे भिंग बहुधा ठरावीक अंतरावर फोकस केलेले असते आणि वीतभर अंतरावरची वस्तू त्यात धूसर येते. मला ज्या लहान जिवांची ओढ लागली होती, ते सगळे या वीतभर अंतरातच राहणारे होते.

दुसरा पर्याय मोबाइल फोनसाठी मिळणाऱ्या पेटीचा. आताच्या फोनचे कॅमेरे उत्तम असतात आणि तो खर्च आधीच झालेला असतो, हे आकर्षण मोठे आहे. पाण्यात स्पर्शपडदा काम करत नाही, म्हणून अशा पेट्यांना बाहेरून बटणे असतात आणि ती आतल्या आत ब्लूटूथने फोनला आज्ञा देतात. पेटीबाहेरच्या पाण्यातून ब्लूटूथ काही सेंटिमीटरांपलीकडे जात नाही, आतल्या हवेतून मात्र विनासायास जाते. माझा नकार तांत्रिक कारणासाठी नव्हता. पेटीत पाणी शिरले, तर ज्या फोनवर परतीची तिकिटे, पैशांचे व्यवहार आणि घरच्यांचे क्रमांक आहेत तोच बुडणार, ही कल्पना मला सहन होईना. वापरात नसलेला जुना फोन ज्यांच्याकडे आहे, त्यांनी मात्र या पर्यायाकडे तुच्छतेने पाहू नये.

तिसरा मोह सर्वांत मोठा होता आणि त्यात माझे दोन महिने गेले. भिंगे बदलता येणारे, चार-पाच वर्षे जुने कॅमेरे वापरलेल्या मालाच्या बाजारात मातीमोल विकले जातात आणि ते पाहून तोंडाला पाणी सुटते. पण अशा कॅमेऱ्याची ॲल्युमिनियमची हाउसिंग, म्हणजे जलरोधक पेटी, बहुधा खुद्द कॅमेऱ्याहून महाग असते. ती एकाच मॉडेलला बसते. आणि प्रत्येक भिंगासाठी तिला वेगळा पोर्ट, म्हणजे भिंगापुढची काच, लागतो, रुंद भिंगाला घुमटाकार तर अगदी जवळचे टिपणाऱ्या मॅक्रो भिंगाला सपाट. डाइव्ह सुरू झाली की भिंग बदलता येत नाही, तेव्हा मॅक्रो लावून उतरावे आणि समोरून महाकाय मांटा मासा जावा, हा प्रसंग ठरलेलाच. स्वस्तात मिळत होती म्हणून एक जुनी हाउसिंग मी मागवलीही. ती हातात आल्यावर कडीजवळ केसासारखी बारीक चीर दिसली आणि विक्रेत्याने दाखवलेल्या छायाचित्रांत नेमकी तीच बाजू नव्हती. भांडून ती परत केली, पण त्यानिमित्ताने चौकशी करता असेही कळले की त्या मॉडेलच्या ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, बनणे कधीच बंद झाले आहे. तेव्हापासून वापरलेली हाउसिंग पाहताना माझा पहिला प्रश्न हाच असतो की तिच्या ओ-रिंग आज नव्या मिळतात का. बाकीच्या चौकशा त्यानंतर.

याच काळात एक वाकडी वाटही घेऊन झाली. फ्रेंच समुद्रसंशोधक जॅक कूस्तो यांच्या डायव्हरांसाठी बनलेल्या कॅलिप्सो कॅमेऱ्यातून पुढे १९६३ साली निकॉनचा निकोनॉस आला आणि १९८४ सालचा निकोनॉस-५ आजही वापरलेल्या अवस्थेत मिळतो. त्याला हाउसिंग लागतच नाही, तो स्वतःच जलरोधक आहे. दिसायला इतका देखणा, की मी जवळजवळ घेतलाच होता. परंतु त्यात फिल्म भरायची, एका डाइव्हला फार तर ३६ छायाचित्रे, फोकसचे अंतर डोळ्यांनी अंदाजून कड्यावर लावायचे, आणि चूक काय झाली ते फिल्म धुऊन आल्यावर कळायचे. ज्याला पाण्यात अंतरे अचूक ओळखता येतात त्याच्या हाती तो शोभतो. माझ्या वहीतला सर्वांत लांब रकाना अंतराचाच होता, म्हणून हात जोडले आणि पुढे निघाले.

अखेर निवड छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांवर येऊन थांबली आणि त्यातही दोनांवर. सोनीच्या आरएक्स-१०० मालिकेतल्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर एक इंची वर्गातला, म्हणजे अंधारात अधिक भरवशाचा होता आणि त्यात सगळे मॅन्युअल नियंत्रण होते. २०१९ सालच्या ऑलिंपस टफ टीजी-६ चा सेन्सर त्याहून बराच लहान, केवळ १२ मेगापिक्सेलचा, आणि त्यात पूर्ण मॅन्युअल मोडही नाही. पण त्याचा सूक्ष्मदर्शक मोड भिंगापासून एका सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस करतो, तो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल देतो आणि स्वतः १५ मीटरपर्यंत जलरोधक आहे. कागदावर सोनी वरचढ ठरत होता. मी पुन्हा वही उघडली. "अंधार" या कारणाने फसलेली छायाचित्रे चार, "दूर" आणि "फोकस" यांनी फसलेली कितीतरी. त्याशिवाय सोनीला अगदी जवळचे टिपण्यासाठी हाउसिंगच्या बाहेर बसणारे मॅक्रो भिंग विकत घ्यावे लागणार होते, टीजी-६ ला ते लागत नव्हते. वापरलेला टीजी-६ आणि त्याची ४५ मीटरपर्यंतची पीटी-०५९ ही पॉलिकार्बोनेटची हाउसिंग, अशी जोडी मी ठरवली. २०२३ साली आलेला टीजी-७ सुद्धा याच हाउसिंगमध्ये बसतो, ही बाब माझ्यासारख्या काटकसरी माणसाला विशेष सुखावणारी होती, कारण उद्या कॅमेरा गेला तरी पेटी वाया जाणार नव्हती.

कॅमेरा मूळचाच १५ मीटर जलरोधक असताना हाउसिंगवर खर्च कशाला, असे मला पुष्कळांनी विचारले. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. नवशिक्या डायव्हरच्या १८ मीटरच्या मर्यादेलाही उघडा कॅमेरा पुरत नाही, आणि छायाचित्राच्या नादात दोन-तीन मीटर खाली घसरणे किती सोपे आहे ते मी स्वतःच्या डाइव्ह-कॉम्प्युटरवर पाहिलेले आहे. शिवाय वापरलेल्या कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या झाकणाचे सील किती थकले आहे, हे बाहेरून दिसत नाही. हाउसिंगमध्ये पाणी शिरलेच, तर आतल्या कॅमेऱ्याची जलरोधकता दुसरी तटबंदी म्हणून उभी राहते. दुसऱ्या कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा इथे मला शांत झोप लागते ती यामुळेच.

कॅमेरा हाती आला तरी माझ्या प्रशिक्षकांनी तो पहिल्या चार डाइव्हना बोटीवरच ठेवायला लावला. "तुम्ही आधी हात छातीशी धरून, पाय न मारता, एका जागी मिनिटभर स्थिर राहून दाखवा, मग त्या हातांत काय द्यायचे ते पाहू," असे ते म्हणाले. तेव्हा राग आला होता. नंतर कळले की पाण्यातला तोल साधल्याखेरीज जवळ जाणे म्हणजे प्रवाळाला लाथ मारणे किंवा वाळूचा ढग उडवणे, आणि दोन्हींनी छायाचित्र बिघडतेच, शिवाय तिथे राहणाऱ्या जिवांचे नुकसान होते ते वेगळे. आणखी एक धडा कॅमेरा आल्यानंतरच्या पाचव्या डाइव्हला मिळाला. एका कोळंबीच्या मागे इतकी रमले की जोडीदाराने खांद्याला हात लावून माझा हवेचा काटा मला दाखवला. तो ६० बारवर आला होता आणि आम्ही ७० वर परत फिरायचे ठरवले होते. त्यानंतर दर पाच छायाचित्रांमागे एकदा काटा पाहायचा, ही सवय मी जाणीवपूर्वक लावून घेतली.

आता उजेडाकडे येते, कारण माझ्या दहा भागांपैकी साडेतीन भाग तिथेच गेले आणि त्यांतला एकही वाया गेला असे मला वाटत नाही. पर्याय दोन होते, सतत जळणारा एलईडी दिवा किंवा क्षणभर चमकणारा स्ट्रोब. दिवा समजायला सोपा: जे उजळलेले दिसते तेच छायाचित्रात येते, फोकसलाही मदत होते आणि चलच्चित्रणाला तोच लागतो. मी आधी भाड्याने दिवाच वापरून पाहिला. स्थिर वस्तूंची छायाचित्रे छान आली, परंतु मासे प्रकाशाच्या झोतात येताच तोंड फिरवत आणि दिवसाच्या उजेडात त्या दिव्याचे बळ मीटरभर अंतरावर जाणवेनासे होई. स्ट्रोब अत्यल्प काळात कितीतरी अधिक प्रकाश फेकतो, त्यामुळे रंग तर परत येतातच, पण माशाची हालचालही गोठते. त्याच्या खोक्यावर छापलेला गाइड नंबर, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या बळाचा आकडा, हवेतला असतो आणि पाण्यात तो निम्म्याहूनही खाली येतो, हे न कळल्यामुळे पहिल्या दिवशी माझी सगळी छायाचित्रे काळवंडलेली आली. स्ट्रोबचा प्रकाशसुद्धा जाताना आणि येताना पाण्यातूनच जातो, म्हणून मीटर-दीड मीटरपलीकडे त्याची आशा धरू नये. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बूताँ यांनी १८९० च्या दशकात प्राणवायूने भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवून, त्यावर मॅग्नेशियमची भुकटी फुंकून समुद्रतळ उजळवला होता. त्या खटाटोपापुढे माझ्या चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या स्ट्रोबबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार नाही.

मी एकच स्ट्रोब घेतला, तोही वापरलेला. तो कॅमेऱ्याला फायबर-ऑप्टिक केबलने जोडला जातो: कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश चमकला की तो प्रकाश केबलमधून स्ट्रोबच्या संवेदकापर्यंत जातो आणि स्ट्रोब चमकतो. विजेची तार नाही, म्हणून पाणी शिरण्याचे एक छिद्र कमी. अंगच्या फ्लॅशचा प्रकाश पुढे सांडू न देणे मात्र आवश्यक असते, कारण भिंगाच्या अगदी शेजारून निघालेला उजेड भिंगासमोरच्या प्रत्येक तरंगत्या कणावर आदळून परततो आणि छायाचित्रावर बर्फ पडल्यासारखे दिसते. माझ्या वहीतला "कचरा" हा रकाना अशाच चमकत्या कणांनी भरला होता. तो रकाना रिकामा करण्यासाठी मी लांब सांध्याचा हात घेतला, स्ट्रोब बाजूला आणि किंचित मागे नेला आणि त्याचे तोंड विषयाकडे सरळ न वळवता थोडे बाहेरच्या दिशेला ठेवले, म्हणजे झोताची नुसती कड विषयावर पडते आणि मधले पाणी उजळत नाही. एका बाजूला स्ट्रोब आल्याने सगळा सांगाडा डावीकडे कलू लागला, तेव्हा त्या हाताला फोमचा तरंगता तुकडा बांधला. दुकानात मिळणाऱ्या महागड्या तरंगत्या हातांइतका तो देखणा नाही, पण मनगट दुखायचे थांबले.

सूक्ष्मदर्शक मोडबद्दल जाहिरातीत न सांगितलेली एक गोष्ट अनुभवाने कळली. एका सेंटिमीटरवर फोकस होतो खरा, परंतु इतक्या जवळ गेल्यावर पोर्टचीच सावली विषयावर पडते आणि स्ट्रोबचा उजेड आत शिरायला जागा उरत नाही. म्हणून मी आता पाच-सात सेंटिमीटर मागे राहून झूम वापरते. त्या मोडवर भाळून मी कॅमेरा निवडला होता हे खरे, आणि तो मोड मी टोकापर्यंत क्वचितच वापरते हेही तितकेच खरे.

हाउसिंगची पहिली डाइव्ह कॅमेऱ्याविना करावी, आत टिशू पेपर ठेवून, हा सल्ला मी तंतोतंत पाळला आणि तो पाळला म्हणून हा लेख लिहिते आहे. पहिल्या खेपेला वर आल्यावर टिशूचा एक कोपरा ओला होता. भिंगातून पाहिले तेव्हा ओ-रिंगवर माझाच एक लांब केस आडवा पडलेला दिसला. गळती बहुधा खोल पाण्यात होत नाही. तिथे दाबच झाकणाला घट्ट बसवतो. ती होते ती पृष्ठभागाजवळ, पहिल्या एक-दोन मीटरमध्ये, आणि म्हणून उतरताना तिथे क्षणभर थांबून आत थेंब दिसतो का ते मी आजही पाहते. ग्रीस उत्पादकाने सांगितलेले तेच आणि तेही नखाएवढेच. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण. हाउसिंग बंद करायची ती आदल्या रात्री, कोरड्या खोलीत, केस बांधून, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवून, म्हणजे गार पाण्यात काचेवर आतून वाफ धरत नाही. डाइव्हनंतर ती गोड्या पाण्यात बुडवून प्रत्येक बटण दहा-वीस वेळा दाबायचे, कारण मीठ वाळले की बटणाच्या दांड्यावर स्फटिक धरतात आणि तेच पुढे बारीक ओ-रिंग कापतात. बोटीवरच्या सामाईक टाकीत मात्र कॅमेरा ठेवून निघून जाऊ नये. तिथे वजनाच्या पट्ट्यांपासून टॉर्चपर्यंत सगळे त्यावर येऊन आदळते.

काही खरेदी चुकलीही. कॅमेरा बसवून दोन हातांनी धरायचा रुंद ट्रे मी हौसेने घेतला आणि कपारीत तो शिरेना, म्हणून एकमुठी लहान ट्रेवर यावे लागले. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे रंगांचा तोल लावण्यासाठी, पांढरी पाटी घेतली होती. रॉ फाइल आणि स्ट्रोब वापरू लागल्यावर ती पिशवीच्या तळाशी गेली. उलट, सर्वांत कमी खर्चाची वस्तू, म्हणजे कॅमेरा बीसीडीला, म्हणजे अंगावरच्या हवेच्या जाकिटाला, अडकवून ठेवणारी गुंडाळीदार दोरी, दर डाइव्हला कामी येते, कारण अडचणीच्या वेळी दोन्ही हात क्षणात मोकळे करता येतात.

वही अजून चालू आहे. गेल्या सहलीनंतर पाहिले तर "रंग गेले" या रकान्यात तीनच नोंदी होत्या आणि "दूर" या रकान्यातही थोड्याच. आता सर्वांत लांब यादी आहे ती "मागची बाजू रटाळ" या नव्या कारणाची. बाहेरून बसणाऱ्या रुंद भिंगासाठी मी एक भाग राखून ठेवला होता, कारण सपाट पोर्टमागे टीजी-६ चे २५ मिलिमीटर पाण्यात साधारण ३३ मिलिमीटरसारखे वागते आणि प्रवाळाची अख्खी भिंत त्यात मावत नाही. पण मागची बाजू रटाळ येते ती मी वरून खाली कॅमेरा धरते म्हणून, आणि त्याला भिंगाचा उपाय नाही. तो एक भाग तूर्त तसाच बाजूला आहे.